वेगाच्या काट्यावर आपट्याचं पान

माझं लायसन्स आलं तेव्हा मी चाळिशी ओलांडली होती. हिंजवडीतल्या कंपनीत कोडिंग करणारी, मारुंजीत भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारी बाई सुट्टीच्या दिवशी विमान उडवते, हे आमच्या सोसायटीत आजही कोणाला खरं वाटत नाही. गेटवरच्या वॉचमनची तर पक्की समजूत आहे की मी ड्रोनबद्दल बोलते. बोलू दे त्यांना. मुळशी धरणाच्या पलीकडे एका डोंगराच्या सपाट माथ्यावर खासगी धावपट्टी आहे, तिथं एक दोन सीटचं विमान आहे, आणि दर रविवारी सकाळी ते माझं असतं.

मुठा आमचं गाव. उड्डाण केलं की मी आधी तिकडे वळते, घरावर आले की दोन्ही पंख आलटून पालटून हलवते. आई अंगणात येऊन हात करते. मला वर्षभर वाटत होतं, तिला भारी गंमत वाटते. मग एकदा भावजय म्हणाली, "वन्सं, तुमचा उतरल्याचा फोन येत न्हाई तवर आत्याबाई जेवत न्हाईत. ताट वाढून झाकून ठेवत्यात."

आधी मला राग आला, मग लाज वाटली, मग पुन्हा राग आला. माझा स्वभावच तसा. त्याच रात्री आईला फोन लावून म्हटलं, एकदा माझ्या शेजारी बस, वरून आपली शेतं बघ, म्हणजे तुझी भीती जाईल. ती म्हणाली, "मला काय पंख फुटलेत?" आणि फोन ठेवला. तेव्हापासून आमचं हे भांडण चालू होतं. तिनं एकदा बसावं आणि त्यानंतर रविवारी वेळेवर जेवावं, एवढंच मला हवं होतं.

दसऱ्याच्या आठवड्यात तिनंच विचारलं, "त्या यंत्राची पूजा कोण करतं गं?"

"कोणी नाही."

आमच्याकडे दसऱ्याला ट्रॅक्टर, पाण्याची मोटर, विळे-कोयते, अगदी भाच्याची सायकलसुद्धा ओवाळली जाते. "येवढा जीव त्याच्या हवाली करतीस, आन् त्याला हळदीकुंकू न्हाई?" ती म्हणाली. "मी येते. पूजा करते. मग तू एकटी एक चक्कर मारून ये. माझ्या डोळ्यांदेखत नीट उतरलीस, तर बसते."

मी त्या दिवशी ऑफिसच्या मीटिंगमध्ये कारण नसताना हसत होते.

दसऱ्याला सकाळी सातला मी मुठ्याला पोचले, तर आई ओट्यावर ताट घेऊन अक्षता निवडत बसलेली. घरचा इंद्रायणी तांदूळ. अक्षतेला तुटका दाणा चालत नाही, म्हणून एकेक दाणा बोटानं बाजूला. मी घड्याळ बघत होते, कारण दहानंतर डोंगरावर वारा उठतो. म्हटलं, "अगं, काल निवडलेलेच आहेत ना?"

"मग परत बघितले तर काय बिघाडतंय?" ती मान वर न करता म्हणाली.

धावपट्टीवर आमचे सर वाट बघत होते. वायुसेनेतून निवृत्त झालेले, सत्तरीला टेकलेले, मला उडायला त्यांनीच शिकवलं. रागावले की मला 'मॅडम' म्हणतात. बाकी वेळी काहीच म्हणत नाहीत. उड्डाणाआधी विमानाभोवती हातानं चाचपत एक पूर्ण फेरी मारायची, हा त्यांचा पहिला धडा. दुसरा धडा असा की फेरीनंतर विमानाला कोणाचाही हात लागला, अगदी त्यांचा स्वतःचा लागला, तरी फेरी पुन्हा पहिल्यापासून.

आई गाडीतून सामान उतरवत होती तोवर मी फेरी आटोपली. चाकं, तेल, पंखांचे खिळे, शेपटी. डाव्या पंखाखाली करंगळीएवढी एक नळी पुढं आलेली असते, तिच्यावरची लाल फितीची टोपी काढून खिशात ठेवली. या नळीला पिटो म्हणतात. समोरून येणारी हवा तिच्या तोंडातून आत शिरते, तिच्या दाबावरून आतल्या डायलचा काटा वेग सांगतो. कुंभारीण माशी भोक दिसलं की आत मातीचं घर बांधते, म्हणून ती टोपी. सरांनी कुंभारणीवर मला इतकी व्याख्यानं दिली आहेत, की तिच्या नावानं मला आता जांभई येते.

मग पूजा सुरू झाली. काय सांगू, मला आनंदानं काही सुचत नव्हतं! आईनं नऊवारीचा पदर खोचला आणि ट्रॅक्टरला करते तशीच पूजा मांडली. तिन्ही चाकांना बोटं ओढली, दाराला स्वस्तिक काढलं, नाकाडावरच्या पुढच्या पंख्याला झेंडूची माळ घातली. सर बाजूला हात मागं बांधून उभे. मी फोनवर फोटो काढत तिच्या मागं मागं.

"हे काय गं?" ती डाव्या पंखाखाली वाकली.

"ते त्याचं नाक. त्यातून त्याला वारा कळतो."

"मग नाकाला आदी लावायचं की!" असं म्हणून तिनं ओली हळद लावली, वर कुंकू, आणि भाऊबीजेला मामाच्या कपाळावर दाबते तशा अंगठ्यानं अक्षता दाबल्या. मी फोटो काढला. तो फोटो अजून माझ्याकडे आहे. त्यात तिचा अंगठा बरोबर नळीच्या तोंडावर आहे, आणि मागच्या काचेत मी दिसते, बत्तीस दात काढून हसणारी.

तिनं माझ्या शर्टाच्या खिशात आपट्याची पानं कोंबली. सरांनी पंख्यावरची माळ उतरवून तिच्या हातात दिली आणि मला विचारलं, "फेरी?"

"झाली, सर."

झाली होतीच की. पूजेच्या आधी झाली होती.

इंजिन चालू केलं. धावपट्टीच्या टोकाला उभी राहिले तेव्हा लांबवर आईची हिरवी साडी दिसत होती. पूर्ण ताकद दिली. काटा जरा उशिरा हलला, पण हलला. साठ, सत्तर, ऐंशीला नाक उचललं, चाकं सुटली, आणि डोंगराची कड पायाखालून निघून गेली. खाली एकदम धरणाचं भरलेलं पाणी. मी मोठ्यानं ओरडले. एकटीच होते, ऐकायला कोण होतं!

चढताना माझं विमान ताशी एकशेदहाच्या आसपास असतं. काटा एकशेदहावर आला, एकशेतीसवर गेला, दीडशेवर गेला. मला वाटलं, वा! आईच्या पूजेनं अंगात आलं काय याच्या? खरंच, पहिला विचार हाच आला. काटा पिवळ्या पट्ट्यात शिरला आणि लाल रेघेकडे निघाला. लाल रेघेपुढं पंख धरतील याची खात्री कोणी देत नाही. मी घाबरून इंजिन कमी केलं आणि वेग मोडायला नाक वर ओढलं.

काटा आणखी वर गेला.

मी आणखी ओढलं. आणि मग आवाज गेला. म्हणजे इंजिनचा नाही, वाऱ्याचा. दाराच्या फटीतून सतत येणारी शीळ बारीक होत होत बंद पडली. हातातली दांडी सैल झाली, पिठात फिरणाऱ्या चमच्यासारखी. सीटखालून थरथर आली. डायल ओरडून सांगत होता की तू फार वेगात आहेस, आणि अंगाचा कण न् कण सांगत होता की तू पडणार आहेस.

मी अंगाचं ऐकलं. त्याचं श्रेय मला नाही, आमच्या वडिलांच्या मोपेडला. आमच्या गावात गाडी घेतली की सहा महिन्यांत तिच्या वेगाचा काटा मरायचा आणि कोणी तो दुरुस्त करायचं नाही. मी पौडपर्यंत कॉलेजला त्याच मोपेडवर जायचे. चाळीस कधी झाले ते ओढणीच्या फडफडीवरून कळायचं. शीळ बंद म्हणजे वेग नाही, हे मेंदूच्या आधी माझ्या कानांना कळलं.

नाक खाली घातलं, पूर्ण ताकद दिली. धरणाचं पाणी काचेत मावेनासं झालं. मग शीळ परत आली, दांडी घट्ट झाली, आणि मी विमान सरळ केलं. त्या सगळ्या घसरणीत माझी नजर एकदा डायलवर गेली होती. विमान खाली झेपावत होतं, वेग वाढत होता, आणि काटा उतरत होता. विमान वर जाताना तो चढला होता. तो वेग सांगतच नव्हता. नळीचं तोंड चाकं सुटल्यावर पुरतं बंद झालं होतं, आत उडतानाची हवा कोंडली होती, आणि बाहेरची हवा उंचीबरोबर विरळ-दाट होईल तसा काटा नुसता माझ्याबरोबर वर-खाली करत होता.

गंमत बघा, हे कळल्यावर मला भीती वाटायच्या ऐवजी उत्साह आला. चोर सापडला होता! मी रेडिओवर सांगितलं, "सर, वेगाचा काटा खोटं बोलतोय. पिटो बंद आहे."

मग सरांचा आवाज, अगदी दूध आणायला सांगावं तसा. "ठीक आहे. काटा झाक. डोळे बाहेर."

शिकवताना ते माझ्या डायलवर स्वतःची टोपी अडकवायचे आणि म्हणायचे, आता उतर. पण टोपी त्यांच्या डोक्यावर होती, खाली. चुकीचा काटा समोर हलत असेल तर शंभर वेळा ठरवूनही नजर तिकडेच जाते. मी खिशात हात घातला, तर आपट्याची पानं. एकाचा देठ काचेच्या कडेच्या खाचेत खोचला. अर्धाच डायल झाकला गेला. दुसरं पान लावलं. झाला बंद.

"कशानं झाकलंस?"

"सोन्यानं, सर."

ते हसले नाहीत. बटण दाबलेलंच राहिलं असावं, कारण लगेच मला दुसरा आवाज ऐकू आला, जरा लांबून. "काय झालं, साहेब? ती उतरतीय न्हवं?"

तो आवाज ऐकून मात्र माझा सगळा उत्साह गेला. तोवर हे माझं आणि काट्याचं होतं. आता खाली ती उभी होती, आणि मी वाकडी उतरले असते तर ते तिनं बघितलं असतं. ती मग कधीच बसली नसती, हा त्यातला लहान भाग.

"उतरते, वहिनी," सर म्हणाले. "चांगली उतरते ती."

त्यांनी आजवर मला एकदाही चांगली म्हटलं नव्हतं.

आमची धावपट्टी डोंगरमाथ्यावर, दोन्ही टोकांना कडा. वेग कमी पडला तर अलीकडच्या कड्यापाशी विमान दगडासारखं बसतं. जास्त झाला तर पलीकडच्या टोकाला थांबायला जागा उरत नाही. एरवी शंभरवर काटा ठेवून यायचं असतं. आता काटा नव्हता. इंजिनचे फेरे नेहमी उतरताना असतात तेवढे ठेवले. क्षितिज काचेच्या वरच्या कडेखाली चार बोटं. आणि कान दाराच्या फटीला.

पहिल्या खेपेला मी घाबरटपणा केला. कड्याच्या धाकानं वेग जास्तच ठेवला. धावपट्टी चाकांखालून सुसाट मागं जायला लागली आणि विमान काही टेकेना.

"जा. परत ये," सर म्हणाले.

ताकद दिली, उचललं. हिरवी साडी उजवीकडून सर्रकन गेली. ती हलत नव्हती, हात करत नव्हती. मी वळताना स्वतःलाच मोठ्यानं शिव्या दिल्या, आमच्या गावच्या, अस्सल. त्यानं बरं वाटलं.

दुसऱ्या खेपेला एकच ठरवलं: मोपेड. पौडचा उतार, पुढं वळण, इथं ओढणी किती फडफडायची? इंजिन जरा कमी. शीळ जाड होती, थोडी बारीक होऊ दिली. नाक किंचित उचलून चार बोटांची पाच केली. दांडी घट्ट आहे ना? आहे. कडा आला, गेला, विमानानं एक हिसका खाल्ला, मी हात हलू दिला नाही. ताकद पूर्ण काढली. शीळ बारीक, आणखी बारीक, आणि ती बंद व्हायच्या बेतात असताना चाकं टेकली. इतकी हलकी, की दोन क्षण मला ते कळलंच नाही.

थांबल्यावर मी पानं काढली. काटा ऐंशीच्या जवळ उभा होता. विमान जागच्या जागी, आणि काटा म्हणतोय ऐंशी! मला हसू फुटलं आणि ते थांबेना.

सरांनी आतून डायलमागची नळी सोडवली, तिला चाकात हवा भरायचा पायपंप लावला आणि दुसरा हात पिटोच्या तोंडाशी धरून पाय दाबला. फट् असा आवाज झाला. त्यांनी तळहात बघितला आणि मूठ मिटली. आई शेजारीच उभी होती.

"कुंभारीण," ते तिला म्हणाले. "माशी असते हो, वहिनी. मातीचं घर करते."

खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसानं बोलूच नये.

"मूठ उघडा, साहेब," आई म्हणाली.

त्यांनी उघडली. हळदीचा लगदा, आणि त्यात दोन तांबडे दाणे. अखंड, एकही तुटका नाही.

"कुंभारीण तांदळाला कुंकू लावत न्हाई," ती म्हणाली, आणि ज्या दगडावर मघाशी नारळ फोडला होता त्याच्यावर मटकन बसली. दोन्ही हात तिनं पदरात लपवले. मी तिच्यापुढं उकिडवी बसले आणि घाईघाईनं बोलायला लागले, तुझी चूक नाही, तुला काय माहीत, मीच तुला सांगायला हवं होतं.

"गप," ती म्हणाली. मग विचारलं, "मी हात लावल्यावर तू परत बघितलंस?"

"नाही."

"बघायचं असतं?"

मी सरांकडे पाहिलं. ते धरणाकडे बघत होते. "असतं," मी म्हटलं.

"मग का न्हाई बघितलंस?"

"तुझा हात होता म्हणून."

इतकी रागावलेली आई मी लहानपणानंतर बघितली नव्हती. "भात टाकायच्या आदी मी तांदूळ ताटात घेऊन बघते का न्हाई?"

"बघतेस."

"निवडून डब्यात कोण भरतं त्यो?"

"तूच."

"माझा हात हाय म्हणून मी बघायचं सोडते व्हय? तुमच्या दाताखाली खडा येईल म्हणून बघते. आन् तू जीव टांगायला निघालीस, तर आईचा हात म्हणं!" तिचा आवाज फाटला. मलाही रडू आलं. सर तिथून निघून हँगरमध्ये गेले आणि उगाच काहीतरी आपटत बसले.

मग त्यांनी नळी जोडली आणि माझ्याबरोबर स्वतः एक चक्कर मारली. काटा शहाण्यासारखा वागला. उतरल्यावर त्यांनी विमानाची चावी माझ्याकडे दिली आणि म्हणाले, "फेरी, मॅडम." साडेनऊ झाले होते. वारा अजून उठला नव्हता.

मी आईकडे बघायचं टाळत होते. आज काही ती बसणार नाही, आणि उद्यापासून रविवारचं ताट संध्याकाळपर्यंत झाकलेलं राहील, हे मी मनाशी धरून चालले होते. फेरी सुरू केली, चाकापासून. मागं पायातल्या वहाणांचा आवाज आला. ती माझ्या मागोमाग येत होती. मी वाकले की ती वाकायची, मी हात लावला की तिचे डोळे तिथं जायचे. पिटोशी आलो.

"मी बघितलंय मघाशी. साफ हाय," ती म्हणाली.

"बघितलेलं परत बघायचं," मी म्हटलं, आणि वाकून आत डोळा लावला.

फेरी संपल्यावर आई गेली ती सरळ उजव्या दारापाशी. नऊवारीत विमानात चढणं सोपं नाही, पण माझा हात तिनं घेतला नाही. आत बसली, पट्टे कसे लावायचे ते एकदा विचारलं आणि स्वतःच लावले, खटकन. मी पलीकडून बसले, माझा पट्टा लावला. मग तिच्याकडे वळून तिनं लावलेला पट्टा दोन्ही हातांनी ओढून पाहिला. बसला होता घट्ट.

तिनं माझं सगळं होऊ दिलं. मग हात लांब केला आणि माझा ओढून पाहिला.